पाणी जातं नदीला

"तुमच्या घरात कुणी मातीची भांडी करतं का?" डॉनाने मला विचारलं.

तपासणीसाठी आलेली ती आमच्या मागच्या अंगणात, सेप्टिक टँकच्या उघड्या तोंडाशी गुडघे टेकून बसली होती. तिच्या हातात माणसाहून उंच अशी पारदर्शक नळी होती. ही नळी टाकीच्या तळापर्यंत घालायची, वरून बूच दाबायचं आणि सरळ वर ओढायची, की आतले थर जसेच्या तसे दिसतात. वर गढूळ पाणी होतं, त्याखाली काळपट गाळ. आणि अगदी तळाशी चांगला चार बोटं जाडीचा राखाडी थर, मऊ, गुळगुळीत, लोण्यासारखा.

तो थर मी लगेच ओळखला. दर श्रावणात माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तोच तर पसरलेला असायचा.

"नाही," मी म्हटलं. "भांडी कुणी करत नाही."

तसं बघितलं तर हे खरंच होतं. आमच्याकडे भांडी नव्हती होत.

"काय म्हणते गो ती?" माझ्या मागे उभ्या असलेल्या आबांनी विचारलं. माकडटोपी, अंगात माझ्या नवऱ्याचा, शिरीषचा, जुना कोट आणि पायात मोजे घालून वर चपला.

"टाकी जुनी झालीय म्हणते," मी म्हटलं. "तुम्ही आत जा बघू. गारठा आहे."

ते हलले नाहीत. नळीकडे बघत राहिले. मी मुद्दाम त्यांच्या आणि नळीच्या मधे जाऊन उभी राहिले, जसं काही माझ्या दोन बाजूंनी त्यांना दिसणारच नव्हतं.

आबा म्हणजे माझे सासरे. संगमेश्वराकडच्या एका गावात हायस्कुलात चित्रकला शिकवायचे, आणि पावसाळा लागला की संध्याकाळी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकारांच्या कारखान्यात, मूर्तींचे डोळे आखायचे. पंचक्रोशीत असे डोळे कुणाचे नव्हते, असं त्यांचंच म्हणणं, पण ते खरं होतं. सासूबाई गेल्यावर शिरीषने त्यांना मॅसॅच्युसेट्सला आणलं. त्यांनी तक्रार कधी केली नाही. बर्फाची नाही, पोळ्या फ्रिजमधल्या असतात याचीही नाही. एकच हट्ट, घरचा गणपती हाताने करायचा. शाडू मिळेना, तेव्हा शेजारच्या शहरात मातीकाम करणाऱ्यांचं दुकान शोधून काढलं. पहिल्यांदा ती माती मळून बघितली आणि म्हणाले, "शाडू नाही, पण शाडूची मावसबहीण आहे." तेव्हापासून दरवर्षी दीड दिवसाचा गणपती, वीतभर उंचीचा, गेरू आणि हळदीने रंगवलेला.

त्या वर्षीच्या माघात शिरीष गेला. ऑफिसातून फोन आला तेव्हा मी त्याच्याच शर्टाला बटण लावत होते. वर्षाच्या आत सण नाही, म्हणून त्या चतुर्थीला घरात मूर्ती बसली नाही, आणि ऑक्टोबरात आम्ही घर विकायला काढलं. एवढ्या घरात मी आणि आबा करणार काय? माझ्या मुलीने, सानिकाने, न्यू जर्सीत तिच्या घराजवळ आमच्यासाठी फ्लॅट ठरवला होता. गिऱ्हाईकही चांगलं मिळालं होतं, एक तरुण जोडपं. तिकडे घर विकायचं आणि घराला सेप्टिक टँक असला, तर विक्रीआधी तपासणी करून घ्यावी लागते. तेवढंच राहिलं होतं.

सकाळी डॉना आली तेव्हाच आबा मागोमाग बाहेर आले होते. ती लोखंडी सळई जमिनीत खुपसत झाकण शोधत होती.

"विहीर आहे की काय इथे?" त्यांनी विचारलं होतं.

"विहीर कसली? सांडपाण्याची टाकी आहे."

"संडासाची?"

"सगळ्याचीच," मी म्हटलं होतं. माझं लक्ष डॉना माझ्या शेवंतीची वाट लावते की काय याकडे होतं. "न्हाणीघर, स्वयंपाकघर, कपड्यांचं मशीन. घरातलं सगळं पाणी इथेच येतं."

आबा गप्प झाले होते. आबांचं गप्प होणं काही नवीन नव्हतं.

आता नळीतला थर बघितल्यावर मला ते गप्प होणं आठवलं. मी आजवर समजत होते, की आबा विसर्जनाची बादली तळघराच्या दाराने बाहेर नेतात आणि मेपलच्या बुंध्याशी ओततात. विसर्जनाच्या सकाळी मी कामावर निघायच्या गडबडीत असायचे. खालून मंत्र ऐकू यायचे, नळाचं पाणी वाहायचा आवाज यायचा, आणि मी गाडीत बसायचे. नळ कशाला चालू आहे, असं कधी मनातही आलं नाही.

"आबा, चहा टाका ना," मी म्हटलं. "आलं घालून. मी आलेच."

चहा टाका म्हटलं की ते नाही म्हणत नसत. ते गेले.

डॉनाने नळी रिकामी केली. मग टाकीपुढे जमिनीत पाणी मुरवणाऱ्या ज्या नळ्या असतात, त्यांच्या तोंडाशी खणलं. तिथेही तेच, राखाडी. तिने हातमोजा काढला आणि माझ्याकडे बघितलं, डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं.

"मिसेस नागवेकर, वाईट वाटतं सांगायला. ही माती पाण्याबरोबर पुढे गेलीय आणि सगळं चोंदलंय. मी हे पास करू शकत नाही."

"म्हणजे घर विकता येणार नाही?"

"नवीन टाकी, नवीन नळ्या टाकल्यावर येईल. किंवा घेणाऱ्यांना चालत असेल तर. पण त्यांना हे कळवावं लागेल."

एरवी मी खर्चाचा हिशेब घालत बसले असते. त्या क्षणी मात्र मला घराचं काहीच वाटलं नाही. मला एवढंच वाटत होतं, की हे आबांना कळता कामा नये. जो माणूस निर्माल्यावर चुकून पाय पडला तर कान धरतो, त्याने आपल्या हाताने घडवलेला देव वर्षानुवर्षं कशात सोडला, हे त्याला कळलं तर तो जगेल का? झाकली मूठ सव्वा लाखाची. टाकी जुनी आहे, नवीन बसवायची, संपलं. मी मनातल्या मनात वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली.

तेवढ्यात टाकी उपसणारा ट्रक आला. तो चालवणारा लुसिएन साठीच्या पुढचा, ढेरपोट्या, तोंडात विझलेली सिगार. त्याने जाड पाइप ओढत आणला, टाकीत डोकावला आणि डॉनाला म्हणाला, "ही माती ना? ती माझ्या ओळखीची आहे."

"तुम्ही आधी आला होतात?" मी विचारलं.

"दरवर्षी यायचो. सप्टेंबर सरता सरता. तुमचे मिस्टर बोलवायचे." मग त्याला आठवलं असावं. त्याने सिगार खिशात टाकली. "चांगला माणूस होता. मला वाईट वाटलं ऐकून."

"दरवर्षी? पण ही टाकी तीन-चार वर्षांनी एकदा उपसली तरी चालते ना?"

"चालते. पहिल्या खेपेलाच मी त्यांना म्हटलं होतं, आत माती येतेय, बघा कुठून येते ते. तर म्हणाले, मला माहितेय कुठून येते. वडिलांची आहे. तुमच्या धर्मातलं काहीतरी आहे, असं सांगितलं. मी म्हटलं, मग बंद करायला सांगा. म्हणाले, ते नाही जमणार. मग मी म्हटलं, तर मला दरवर्षी बोलवा. जेवढं निघेल तेवढं काढतो. पातळ असतं ते येतं पाइपात. तळाची घट्ट माती नाही येत."

मी टाकीच्या तोंडाकडे बघितलं.

"एकच अट असायची त्यांची," लुसिएन म्हणाला. "म्हातारबाबा घरात नसतील त्या दिवशी यायचं."

मला ते शनिवार आठवले. गणपती झाले, की एका शनिवारी शिरीष मला आणि आबांना मंदिरात सोडायचा आणि स्वतः काम आहे म्हणून निघून जायचा. त्यावरून मी त्याच्याशी भांडलेही होते. देवाच्या दारात आणून सोडतोस आणि स्वतः पाठ फिरवतोस, असं म्हणाले होते. तो हसला होता. वेळ मारून नेण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

"आणि दर वेळी विचारायचे, हे नेता कुठे? दर वेळी, हां! आधीच्या वर्षी सांगितलेलं विसरल्यासारखं. मी म्हणायचो, खाली शहरात मोठा प्लँट आहे, तिथे देतो. तिथे सगळं साफ होतं आणि पाणी नदीत सोडतात. मग म्हणायचे, ठीक आहे. मग आत जायचे."

मी ट्रकच्या पलीकडच्या बाजूला गेले आणि चाकापाशी उभी राहून रडले. शिरीष गेल्यावर मी रडलेच नव्हते असं नाही, पण हे रडणं वेगळं होतं. मला त्याचा इतका राग आला होता, की तो समोर असता तर मी त्याला गदागदा हलवलं असतं. आणि मग घट्ट धरून ठेवलं असतं.

चहा घ्यायला आत गेले तेव्हा पातेल्यावर झाकण होतं, कप ताटलीने झाकलेला होता, आणि आबा तळघरातून वर येत होते.

"खाली कशाला गेला होतात?"

"उगाच," ते म्हणाले.

ते खोलीत गेल्यावर मी खाली जाऊन बघितलं. कपड्यांच्या मशीनशेजारी मोठं सिंक होतं. घरात तेवढी एकच मोरी अशी, जिथे आसपास संडास नाही. म्हणूनच त्यांनी ती निवडली असणार. विसर्जनाची वेगळी ठेवलेली बादली खिळ्याला टांगलेली असायची, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. ती आता खाली जमिनीवर पालथी घातलेली होती.

संध्याकाळी मी भांडी घासत होते. आबा टेबलाशी वाल सोलत बसले होते. गिऱ्हाइकांच्या एजंट बाईने आधीच फोन करून सांगितलं होतं, की त्यांना आता दुसरं घर बघावं लागेल. मी तेच आबांना सांगत होते, टाकीचं निमित्त करून.

"विभा," ते मधेच म्हणाले. "ती माती माझी ना गो?"

मी घासलेली कढई पुन्हा घासायला घेतली.

"कसली माती?"

"मातीत जन्म गेला माझा. लांबून बघून सांगेन कुठली ती. ती नळी वर आली तेव्हाच बघितली मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढी आडवी उभी राहिलीस." ते वाल सोलतच होते. "म्हटलं, पोरीची धडपड चाललीय, चालू दे."

मी हात पुसून त्यांच्यासमोर बसले.

"मी कसा करायचो ठाऊक आहे तुला?" ते म्हणाले. "आधी ती मोरी सोड्याने घासायचो. मग आंघोळ करून सोवळं नेसायचो. बादलीत मूर्ती रात्रभर ठेवली की सकाळी विरघळलेली असायची. मग तांब्या-तांब्याने सोडायचो, मंत्र म्हणत. अंगणात ओतला असता, पण हरणं येतात, मुततात, पायदळी येतो. म्हणून नाही ओतला. आणि सोडला कुठे..." त्यांनी एक वाल न सोलताच सोललेल्यांत टाकला. "घाणीत सोडला गो. माझ्या हाताने."

"आबा, तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"मला नव्हतं," ते म्हणाले. मग त्यांनी वाल बाजूला सारले आणि माझ्याकडे बघितलं. "शिरीषला होतं?"

माझ्या आयुष्यात इतकं साधं आणि इतकं कठीण काही कुणी विचारलं नाही. होतं म्हटलं, तर त्यांच्या मुलाने त्यांना सगळी वर्षं फसवलं. आणि त्या मुलाला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "त्याला काय ठाऊक असणार? त्याचं लक्ष असायचं का घरात?"

आबांनी मान हलवली.

"पहिल्या वर्षी मी त्याला विचारलं होतं," मग ते म्हणाले. "म्हटलं, विसर्जनाला नदीवर नेशील का? तो बूट घालत होता. म्हणाला, इथे नदीत काही टाकलं तर पोलीस धरतात. खालच्या सिंकमध्ये सोडा, ते पाणी नदीलाच जातं. असं म्हणाला आणि नाडी बांधत राहिला. वर बघितलं नाही. लहानपणी शाळा बुडवून यायचा तेव्हाही वर बघायचा नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण पुन्हा विचारलं असतं तर त्याला रजा काढावी लागली असती. म्हटलं, नको."

मग मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. लुसिएन, दर सप्टेंबरातला शनिवार, मंदिरात सोडून जाणं. शिरीषचा तो दरवर्षीचा एकच प्रश्न.

"त्याला ठाऊक होतं, आबा. आधी मी खोटं बोलले. पण तो दरवर्षी ती माती बाहेर काढून न्यायला लावत होता. ती माती शहरात जाते, तिथे पाणी स्वच्छ होतं, आणि ते जातं नदीला. खरोखरच जातं. तुम्हाला त्याने जे सांगितलं, ते त्याने पैसे मोजून, दरवर्षी खरं करून घेतलं."

मला वाटलं, आता त्यांचा चेहरा बदलेल. मला स्वतःलाच हे सांगताना हलकं वाटत होतं.

"असं तो ट्रकवाला म्हणाला?"

"हो."

"सकाळी ती बाई म्हणाली, टाकी जुनी झालीय. असंच ना?"

मी टेबलावरचा एक वाल उचलून तसाच खाली ठेवला.

"आता म्हणालीस, शिरीषला ठाऊक नव्हतं. मग म्हणालीस, होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी सालपटं मुठीत गोळा केली. "तू चांगली आहेस गो. माझ्यासाठी करतेस, कळतं मला. तोही माझ्यासाठीच म्हणाला होता."

"आबा, ही देवाशपथ खरी गोष्ट आहे. मी उद्या लुसिएनला बोलावते, तुमच्यासमोर विचारते."

"इंग्रजीत?" ते म्हणाले. "आणि मला मराठीत कोण सांगणार?"

ते उठले, हात धुवायला म्हणून सिंकपाशी गेले, नळाला हात लावला आणि थांबले. मग नळ न सोडताच धोतराला हात पुसून खोलीत गेले.

घर पुढच्या वसंतात विकलं गेलं, नवीन टाकी घालून, दुसऱ्याच कुणाला. सामान बांधताना मातीचं न फोडलेलं एक पाकीट गॅरेजमध्ये सापडलं. मी ते आबांना दाखवलं. "राहू दे इथेच," म्हणाले. मी तरी ते न्यू जर्सीला नेलं. वर्षभर ते कपाटात पडून राहिलं आणि दगडासारखं झालं.

पुढच्या चतुर्थीला आबांनी तांदळाच्या राशीवर सुपारी मांडली आणि तिचीच पूजा केली. सानिका म्हणाली, "आजोबा, मूर्ती का नाही केलीत?" ते म्हणाले, "हात कापतात आता." हात कापत नव्हते. सकाळीच त्यांनी दारात रांगोळीची वेल काढली होती, एका ओढीत.

दुसऱ्या दिवशी मी कामावर रजा टाकली आणि त्यांना गाडीत घालून नदीवर नेलं. फ्लॅटपासून जेमतेम दहा मिनिटांवर. काठावर कुणी नव्हतं, पोलीसही नव्हते. आबांनी चपला काढल्या, पाण्यात दोन पावलं गेले, सुपारी ओंजळीत धरून मंत्र म्हणायला लागले. पुनरागमनाय च, म्हणताना थोडे थांबले, पण म्हणाले. मग ओंजळ सोडली. सुपारी क्षणभर दिसली आणि गेली.

मला आतून बरं वाटलं. निदान हे एक तरी नीट झालं. मी पुढे होऊन त्यांचा हात धरला.

ते पाण्याकडे बघत होते.

"हे पाणी पुढे कुठे जातं गो?" त्यांनी विचारलं.

"समुद्राला, आबा."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"तू बघितलंयस?"

मी बघितलेलं नव्हतं.